हिरवा ठिपका

अमेरिकेतल्या डुलुथच्या कॉलेजात मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. जे कुणाला तरी दिसतं तेच असतं, हा विचार पोरांच्या डोक्यात अक्षरशः कोंबला. निवृत्तीनंतर माझी मुलगी मारेन फिनिक्सहून फोनच करेना. चिडून विचारलं, तर म्हणाली, "डॅड, फेसबुकवर तुझ्या नावाशेजारी हिरवा ठिपका दिसतो की रोज! म्हणजे तू ठणठणीत आहेस."

मी रागाने मोबाइलच बंद केला आणि बर्फ बघत बसलो. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला जुना फोन खणखणला.

"डॅड, ठिपका कुठे गेला? किती घाबरले मी!"

"आहे मी. तू कशी आहेस?"

"मीटिंग आहे, डॅड. ठिपका तेवढा चालू ठेव, म्हणजे असा फोन करावा लागणार नाही."

मोबाइल चालू केला. घ्या, मी आहे.