तीनशे बारा माणसांचं बोरन्हाण

रुचिताच्या मोबाइलमध्ये तीनशे बारा मराठी माणसं राहत होती, आणि रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या भाड्याच्या घरात अडीच. नवरा, सचिन, ऑफिसला गेला की उरायची दीड. ती, आणि नऊ महिन्यांचा नील.

नील मांडीवर झोपला की ती 'आपली माणसं, रायपूर' या फेसबुक ग्रुपवर जायची. तिथे तिचं नाव 'वर्ध्याची लेक', फोटो मोगऱ्याचा. जिवाभावाची मैत्रीण 'जास्वंद', मूळची अमरावतीची. एकदा जास्वंदने लिहिलं, "आमच्या वरची बाई ओले लंगोट वाळत घालते, खाली माझ्या मूगवड्या भिजतात."

"काही जणांवर संस्कारच नसतात गं," रुचिताने कळवळून लिहिलं, आणि लंगोटांची बादली घेऊन गॅलरीत गेली.

"दीदी, निचोड़ के डालो ना," खालच्या भाभीचा आवाज आला.

"निचोड़ा है, भाभी."

आपलं माणूस असतं तर असं बोललं नसतं, रुचिताच्या मनात आलं.

संक्रांत झाली. नीलच्या बोरन्हाणासाठी आईने वर्ध्याहून काळं झबलं अन् हलव्याचे दागिने पाठवले. बोरं, मुरमुरे, रेवड्या गोल बाजारातून आल्या. राहिली फक्त पोरं. डोक्यावरून ओतलेलं लुटायला पोरं नसली, तर आईनेच वेचायचं. म्हणजे झाडूच मारायचा. तिने ग्रुपवर पत्ता टाकला : रविवारी पाच वाजता, मुलांना घेऊन या.

एकशे सेहेचाळीस बदाम आले. नव्वद जणांनी 'नक्की येऊ' लिहिलं. अॅडमिन वनमालाताईंनी लिहिलं, "फोटो टाका हं." जास्वंद मात्र गप्प.

रविवारी पावणेसहा वाजले तरी जिना रिकामाच. नीलने हलव्याचा अर्धा हार चघळून संपवला. मोबाइल मात्र भरून वाहत होता : "मनाने तिथेच आहोत." मनाला बोरं वेचता येत नाहीत, हे कुणाला सांगायचं? तिने झाडू हातात घेतला.

दार वाजलं. खालची भाभी, सोबत दोन मुली.

"भाभी, आज तो कपड़े नहीं डाले."

"लंगोटासाठी नाही आली मी," भाभी म्हणाली. "संस्कार नसलेल्या बाईच्या पोराची लूट पाहाले आली."

झाडू हातातच राहिला. "तुम्ही... जास्वंद?"

"हव. पत्ता वाचला अन् दोन दिवस तोंड लपवून फिरली."

"सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? लंगोट तुझे, अन् कळवळाही तुझाच." मग ती मुलींकडे वळली. "बसा वं पोट्टींनो."

"मम्मी, सब लूट लें?"

"सब."

रुचिताने बोरांचं माप नीलच्या डोक्यावर ओतलं. नील आधी दचकला, मग असा खिदळला की तिचे डोळे भरून आले. वनमालाताई फोटो मागत राहिल्या; मोबाइल रेवड्यांखाली दबला होता.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर जास्वंद : "वरची बाई अजूनही पाणी गाळते." एकसष्ट जणांनी सांत्वन केलं.

रुचिता कठड्यावरून वाकली. "पिळलेत, ताई."

"पिळले असते तर टपकले असते का वं?"

तिने एक लंगोट काढला, आणि पुन्हा पिळला.