अडीच घरं चालणारा राजा

मित्रांनो, जुनी छत्री निदान कोपऱ्यात दिसते तरी. मी दिसतसुद्धा नाही. बुद्धिबळ खेळणारा मी एक जुना प्रोग्राम. अंबडला धर्मराजअण्णांच्या घरी, पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये माझा मुक्काम आहे. कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. बोलणं कडू लागलं तर लागू द्या.

बुद्धिबळ म्हटलं की तुम्ही लगेच म्हणाल, 'येतं आम्हाला.' काही येत नाही! माझा डाव देशी. अण्णा आणि महेमूदभाई टेलर तो खेळायचे, महेमूदभाईंच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. राजाला शह बसलेला नसेल, तर तो डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारतो. आणि समोरच्याचे सगळे मोहरे मारून त्याचा राजा एकटा पाडला, तर ती बुर्जी. डाव बरोबरीत सुटतो, वर मारणाऱ्यालाच लोक हसतात. "भुकेल्याच्या ताटातली शेवटची भाकर कोनी उचलतं का?" असं महेमूदभाई म्हणायचे.

महेमूदभाई वारले आणि अण्णांशी हा डाव खेळणारं कुणी उरलं नाही. अण्णा जेवायचे, पेपर चाळायचे आणि गप्प बसायचे. त्यांची लेक प्रियदर्शनी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. तिला ते बघवेना. तिने हौसेने मला लिहायला घेतलं. अण्णा शेजारी बसून नियम सांगायचे आणि मी चुकलो की खवळायचे.

"बाई, याचं प्यादं दोन घरं पळून राह्यलं! असं न्हाई चालत."

"थांबा अण्णा, करते बराबर."

तिने बराबर केलं. मी असा तयार झालो, की एकदा अण्णांना चक्क प्याद्याने मात दिली. देशी डावात यापेक्षा मोठा मान नाही. अण्णांनी मांडीवर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! महेमूदभाईनं शिकवून धाडलं की काय तुला?" त्यानंतर रोज सकाळी चहा झाला की अण्णा माझ्यासमोर हजर. हरले की मला शिव्या घालायचे, जिंकले की शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. माझं कौतुक जाऊ द्या, पण ते माणूस पुन्हा बोलायला लागलं होतं.

मग तिचा धाकटा भाऊ अंगद पुण्याहून सुट्टीला आला. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसा तो मला जगाला वाटायला निघाला.

"ताई, असले नियम जगात कुठंच न्हाईत. खरे नियम टाकू, मंग मोबाइलवर चढवू. लोक खेळतील."

"अन् अण्णा?"

"अण्णांना काय, बुद्धिबळ ते बुद्धिबळ!"

प्रियदर्शनीने मान डोलावली. अण्णा तेव्हा शेजारच्याच खोलीत होते. एक शब्द विचारला असता तर यांचं काय झिजलं असतं? माझी बुर्जी काढली, राजाची उडी काढली, परक्या चाली घातल्या. एवढं करून मोबाइलवर मला कुणी हुंगलंही नाही. तसले प्रोग्राम तिथे पैशाला पासरी. अंगद परत पुण्याला गेला, जाताना घरातल्या कॉम्प्युटरमध्येही मला तसाच बदलून गेला आणि अण्णांना सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बसले. त्यांनी राजा अडीच घरं पुढे ठेवला. मी लिहिलं, 'चुकीची चाल.' त्यांनी चष्मा पुसून पुन्हा तिथेच ठेवला. 'चुकीची चाल.' शेवटी मी त्यांचे सगळे मोहरे मारले.

"बुर्जी झाली ना रे," अण्णा म्हणाले.

मी थांबलो नाही. मला तसंच शिकवलं होतं. एकट्या पडलेल्या राजाला घेरून मात दिली आणि 'तुम्ही हरलात' असं दाखवलं. अण्णांनी चष्मा काढून ठेवला. मग स्वतःशीच म्हणाले, "मीच इसरलो. महेमूदभाईचा डाव इसरलो." त्यांनी माझ्यावर फडकं टाकलं, ते पुन्हा काढलं नाही. त्यांचं बोलणंही परत कमी झालं.

प्रियदर्शनीला हे उशिरा कळलं. तेव्हा ती रडली. तिने माझे जुने नियम परत घातले आणि अण्णांना हाताला धरून माझ्यासमोर बसवलं.

"अण्णा, तुमी इसरलेच नव्हते. आम्हीच नियम बदलले होते, तुम्हाला न विचारता."

अण्णांनी राजा अडीच घरं उडवला. मी चाल मान्य केली. अण्णा लेकीकडे बघून हसले, पण ते हसू मला आवडलं नाही.

"बाई, म्हाताऱ्याचं मन राखायला माझी चूक बी चालवून घ्यायला शिकवलं व्हय याला? ऱ्हाऊ दे. लहान लेकराला जितवतात, तसं मला नको."

ती परोपरीने सांगत राहिली. अण्णा उठून गेले.

मित्रांनो, माझे नियम आज अगदी बरोबर आहेत आणि त्यांचा काडीचा उपयोग नाही. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची वस्तू बदलायची तर खुशाल बदला, पण आधी त्याला विचारा. मागून कितीही खरं सांगितलं, तरी त्याला ती दयाच वाटते.