कार्मिन सिस्टरने दिलेले मत

मित्रांनो, पापडीच्या पुढे, केळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्याला आमचे गाव आहे. तुमच्यापैकी जे त्या गावात जन्मले, त्यांचे जगातले पहिले रडणे मी अगदी जवळून ऐकले आहे. मी एक जुना वजनकाटा आहे, तान्ह्या बाळांचा. माझ्या डोक्यावर पसरट पांढरे तबक आहे, पुढे आकडे कोरलेली पट्टी आहे आणि तिच्यावर सरकणारे एक छोटे वजन आहे. पांढऱ्या रंगाचे आता पोपडे निघाले आहेत. पण पट्टीवरचे आकडे अजून वाचता येतात.

मला ज्या कारागिराने घडवले, त्याने माझ्या तबकात दोन किलोचे वजन ठेवून मला दिवसभर तपासले. मनासारखे झाल्यावरच त्याने मला गवत भरलेल्या खोक्यात घातले. खोके उघडले ते आमच्या गावच्या दवाखान्यात. दोन खोल्या, एक पडवी आणि दारात बदामाचे झाड, एवढाच तो दवाखाना. डॉक्टर सकाळी येत आणि दुपारी बारा वाजता जात. दिवसभर असायची ती परिचारिका, कार्मिन सिस्टर.

कार्मिन याच गावची. सारे गाव तिला अगं-तुगं करत असे, म्हणून मीही करतो. पत्र्याचा गारवा बाळाला लागू नये म्हणून ती माझ्या तबकात आधी दुपटे अंथरायची, मग बाळ ठेवायची. आईला ती वजन सांगायची तेव्हा शेजारच्या बाकावरच्या बायकाही माना पुढे करून ऐकायच्या. वजन कमी भरले तर आईला रागे न भरता तिच्या घरी जाऊन चुलीवर काय शिजते ते बघून यायची. मला त्या वर्षांत फार मान होता. लोक म्हणायचे, सिस्टरचा हात आणि तिचा काटा, दोन्ही भरवशाचे.

मग इझाबेलचा दिवस आला.

इझाबेल ही बेटीमावशीची एकुलती एक मुलगी. बेटीमावशी आणि सिस्टर लहानपणापासूनच्या मैत्रिणी. इझाबेलला दुपारी मुलगी झाली. मी तिचे वजन सांगितले, दोन किलो नऊशे. बेटीमावशीने नातीला छातीशी धरले. पण इझाबेलचा रक्तस्राव थांबेना. सिस्टरने होती ती इंजेक्शने दिली, जे जे येत होते ते केले. डॉक्टर केव्हाच गेले होते. शेवटी गाडी मागवून तिला एका रुग्णालयात नेले. तिथे रक्त नव्हते, म्हणून पुढे रेल्वेपलीकडे पूर्वेला पाठवले. रेल्वेवरच्या पुलावर वाहने अडकून पडली होती. इझाबेल त्या पुलावरच गेली.

संध्याकाळी सिस्टर परत आली आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. खोली धुऊन काढणाऱ्या बाईला ती हळूच म्हणाली, "पाणी होतं, कापूस होता, मी होते. रक्त नव्हतं."

त्या मुलीचे नाव नेहल ठेवले. बेटीमावशीनेच तिला वाढवले. दर महिन्याला ती तिला माझ्याकडे आणायची आणि सिस्टर तिचे वजन मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायची.

काही वर्षांनी सिस्टरने नोकरी सोडली आणि महापालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली. गावाला आनंद झाला. बेटीमावशी नेहलचे बोट धरून दारोदार फिरली. सिस्टर चांगल्या मतांनी निवडून आली आणि नगरसेविका झाली. दवाखान्याचे गळके छप्पर तिने पहिल्याच वर्षी बदलून घेतले. लोक म्हणाले, माणूस आपला असला की असे होते.

पण तिच्या मनात छप्पर नव्हते. पालिकेपुढे एक योजना आली होती. चार छोटे दवाखाने बंद करायचे, त्यांचे डॉक्टर, परिचारिका आणि निधी एकत्र करायचा आणि पूर्वेच्या एव्हरशाईन सिटी या वसाहतीच्या पुढे एक मोठे प्रसूतिगृह उभारायचे. तिथे रात्रंदिवस डॉक्टर असतील, शस्त्रक्रियेची खोली असेल, रक्त साठवायची सोय असेल. बंद होणाऱ्या चार दवाखान्यांत आमचा एक होता. त्याच्या बदल्यात आठवड्यातून दोनदा डॉक्टर आणि औषधे घेऊन फिरती गाडी येणार होती.

गावाची सभा दवाखान्याच्या अंगणातच झाली. मी खिडकीशी होतो. माणसे रागावली होती आणि त्यांचे खोटे नव्हते. म्हाताऱ्यांनी साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी पूल ओलांडून पूर्वेला जायचे का, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रान्सिसकाकांना दम्याचा त्रास होता. ते म्हणाले, मला महिन्यातून चारदा इथे वाफ देतात, गाडी काय माझ्या दम्याची वेळ विचारून येणार आहे? सिस्टरने सगळे ऐकून घेतले. तिच्याजवळ प्रत्येकाला पटेल असे उत्तर नव्हते आणि तसा आवही तिने आणला नाही.

पालिकेत ठरावावर मतदान व्हायचे होते, त्याच्या आदल्या दिवशी सिस्टर दवाखान्यात आली असताना पक्षाचे काम पाहणारा रामनाथ तिला भेटायला आला. तो भला माणूस होता. ठराव तसाही मंजूर होईल, असे त्याने तिला समजावले.

"उद्या तुम्हाला ताप आला म्हणून सांगतो," तो म्हणाला. "तुमचं मत नसलं तरी रुग्णालय होईल, आणि गावही तुटणार नाही."

सिस्टर म्हणाली, "सभेत ज्यांनी मला तोंडावर विचारलं, त्यांच्यापासून मी तापात लपू का?"

दुसऱ्या दिवशी तिने हात वर करून ठरावाच्या बाजूने मत दिले. संध्याकाळपर्यंत गावात बातमी पोहोचली. आपल्याच सिस्टरने आपला दवाखाना बंद केला, एवढीच ती बातमी होती.

दोन महिन्यांत टेम्पो आला. खाटा गेल्या, कपाटे गेली. माझ्या नावापुढे 'निकामी' असा शेरा पडला. मी निकामी नव्हतो, मित्रांनो. पण नवे विजेचे काटे आले होते, त्यांच्यापुढे माझी काय किंमत? सिस्टरने रीतसर अर्ज केला आणि मला तिच्या घरी नेले. मी तिच्या ओटीवर, खिडकीखाली राहू लागलो.

पुढचे सगळे उलटे होत गेले. प्रसूतिगृहाचे दोन मजले उभे राहिले आणि करोनाची साथ आली. काम थांबले. फिरती गाडी आधी आठवड्याने, मग महिन्याने आणि मग येईनाशीच झाली. साथीच्या त्या दिवसांत बंद दवाखान्याचे कुलूप गावाला फारच टोचले. पालिकेची मुदत संपली, निवडणूक मात्र वर्षानुवर्षे लांबत गेली. सिस्टर आता नगरसेविका नव्हती, तरी ती पिशवीत फाईल घालून कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिली. तिला सांगत, बघू, करू, पुढच्या महिन्यात या. घरी आल्यावर ती ओटीवर आलेल्या बाळांची वजने करायची. आया येत. काही जणी तिच्याशी पूर्वीसारख्या बोलत, काही फक्त आकडा ऐकून निघून जात.

एका सकाळी फ्रान्सिसकाकांना दम लागला. सवयीने त्यांचे पाय दवाखान्याकडे वळले. दाराला कुलूप होते. त्यांचा मुलगा केनी त्यांना रिक्षात घालून निघाला. ते त्याच पुलावर गेले, जिथे इझाबेल गेली होती.

सिस्टर मयतीला गेली. केनी तिच्याशी बोलला नाही. ती घरी आली, काळी साडीही न बदलता ओटीवर बसून राहिली. तिचा नवरा क्लेमेंट तिला जेवायला बोलवायला आला, तेव्हा ती त्याला म्हणाली, "ते आधी उघडायला हवं होतं, मग हे बंद करायचं. मी ते लिहून घेतलं नाही. विश्वास ठेवला."

अखेर निवडणूक लागली. सिस्टर पुन्हा उभी राहिली, कारण अर्धवट रुग्णालय पुरे करायचे होते. तिच्यासमोर केनी उभा राहिला. त्याच्या पत्रकावर एकच ओळ होती: आमचा दवाखाना आम्हाला परत द्या. ती ओळ वाचून मलाही वाटले, मित्रांनो, याला कोण नाही म्हणेल?

सिस्टरची एक सभा तिच्याच अंगणात झाली. मागून कोणीतरी फ्रान्सिसकाकांचे नाव घेतले. रामनाथने तिला आधीच बजावले होते की त्या विषयावर बोलू नका. पण सिस्टर उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी झाली. दुसरं उघडण्याआधी हे बंद होऊ द्यायला नको होतं. पण पुन्हा मत द्यायची वेळ आली, तर मी मोठ्या रुग्णालयालाच देईन. आणि ते पुरं होईपर्यंत या दाराचं कुलूप काढून घेईन."

कोणीतरी ते मोबाईलवर टिपले होते. दुसऱ्या दिवशी घराघरांत फिरले ते एवढेच: "चूक माझी झाली." पुढचे कोणी ऐकले नाही.

मग रामनाथ एक गुंडाळलेला फलक घेऊन आला. ओटीवर त्याने तो उलगडला. त्यावर इझाबेलचा लग्नातला फोटो होता, डोक्यावर पांढरे जाळीदार वस्त्र, हातात फुले. खाली लिहिले होते, हिला रक्त मिळाले असते तर. तो म्हणाला, नाक्यावर हा लावला तर हवा बदलेल. ते खरेच असावे. मी सिस्टरचे तोंड पाहत होतो. तिने फोटोवर हात ठेवला आणि मग फलक स्वतःच्या हाताने गुंडाळला.

"ही माझ्या हातांत होती, रामनाथ," ती म्हणाली. "तिला मी मतं मागायला पाठवणार नाही."

त्याच आठवड्यात बेटीमावशी आली. तिचे पाय सुजले होते, काठी टेकत आली. ती सिस्टरच्या शेजारी बसली आणि म्हणाली की या वेळी मी तुझ्यासाठी फिरणार नाही, आणि मतही केनीला देणार आहे. गोळ्यांसाठी मला नातीची शाळा बुडवून पूर्वेला जावे लागते, ती म्हणाली. सिस्टरने तिच्यासाठी चहा केला. दोघींनी तो ओटीवर बसून घेतला.

सिस्टर एकसष्ट मतांनी पडली.

ढोलताशे तिच्या घरावरून गेले. केनीने आमच्या फाटकासमोर ते बंद करायला लावले, हे मी मुद्दाम सांगतो. पुढे त्याने शब्द पाळला. दवाखान्याचे कुलूप निघाले, भिंतींना रंग लागला, आठवड्यातून तीन सकाळी डॉक्टर येऊ लागले. बेटीमावशीला गोळ्या दारात मिळू लागल्या. सिस्टरला त्याचे बरेच वाटले. पण तिकडे दोन मजल्यांच्या सांगाड्यावर गवत वाढत राहिले. त्याच्याबद्दल विचारणारे सभागृहात कोणी उरले नव्हते.

फलकाची गोष्ट रामनाथच्या तोंडून कधीतरी बेटीमावशीला कळली. ती पुन्हा काठी टेकत आली. या वेळी ती बसली नाही.

"मला सांगितलं असतंस, तर मी स्वतः फोटो दिला असता," ती म्हणाली.

"म्हणूनच नाही सांगितलं," सिस्टर म्हणाली.

बेटीमावशी खांबाला धरून रडली. सिस्टर तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. दिलेले मत आता कोणालाच परत घेता येणार नव्हते.

त्यानंतर काही दिवसांनी केनी आला. बरोबर त्याची बायको ॲंजेला होती, तिला आठवा महिना होता. त्याने विचारले की बाळंतपण आपल्याच दवाखान्यात केले तर चालेल का, लोकांनाही बरे वाटेल. सिस्टरने चष्मा लावून ॲंजेलाचे कागद पाहिले. तिच्या अंगात रक्त कमी होते.

"इथं नको," ती म्हणाली. "जिथं रक्ताची सोय आहे, तिथं आठ दिवस आधीच नेऊन ठेव."

केनीने ते कागद घडी करून खिशात ठेवले. मग त्याने त्या अर्धवट इमारतीची फाईल मागितली. सिस्टरने ती आतून आणून त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने चार पाने उलटली.

"सिस्टर, मला लोकांनी या दवाखान्यासाठी निवडलंय. मी त्या रुग्णालयाचं बोलू लागलो, तर पुढच्या वेळी मी पडेन."

"पडशील," ती शांतपणे म्हणाली. "मी पडलेच ना."

केनी फाईल घेऊन गेला. ॲंजेला लांबच्या रुग्णालयात सुखरूप बाळंत झाली. तिला तिथे दोन बाटल्या रक्त द्यावे लागले, असे मी ऐकले. त्या बाळाला माझ्याकडे कोणी आणले नाही. फाईल अजून केनीकडेच आहे आणि सभागृहात तो त्यावर अजून बोललेला नाही. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या वडिलांचा शेवटचा श्वास त्याने रिक्षात ऐकला आहे.

मित्रांनो, आता माझ्या तबकात कोणी बाळ ठेवत नाही. माझ्यासाठी मी काही मागत नाही, लोखंडाला गंज चढायचाच. पण तुम्ही मोठे व्हाल, मत द्याल. तेव्हा जवळचे दार कोण उघडते ते जरूर बघा. आणि जो लांबचे, अवघड काही सांगतो, त्यालाही त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत ऐकून घ्या. पटले नाही तर पाडा, तो तुमचा हक्क आहे. पण पाडलेल्या माणसाला विसरू नका. आमच्या फाटकावरून जाताना सिस्टरला एक हाक मारा. ती घरातच असते, आणि तिला अजून नीट ऐकू येते.