काड्यांचं आजोळ

असोद्याच्या जीवरामभाऊंच्या तोंडून शब्द निघून गेला होता आणि आता तो काही परत आत जात नव्हता. "रविवारी या. भरीत खाऊ घालतो, तेही कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं," असं त्यांनी धुळ्याच्या प्रेमराजभाऊंना फोनवर ऐटीत सांगून टाकलं होतं. प्रेमराजभाऊ म्हणजे होऊ घातलेले व्याही. त्यांचा मुलगा पियुष आणि जीवरामभाऊंची मुलगी भूमिका एकमेकांना पसंत होती. राहिला होता मोठ्यांचा होकार, तो रविवारच्या पंगतीत पडायचा होता.

पण काड्या कुठून आणायच्या? बोंडअळीच्या धाकानं यंदा सगळ्या गावानं यंत्र फिरवून कपाशीचा शेतातच भुगा केलेला. आणि गॅसवर भाजलेलं भरीत पाहुण्यांपुढं ठेवायचं म्हणजे नवरदेवाला सायकलवर मिरवायचं!

तेवढ्यात मोबाईलवर जाहिरात झळकली : 'कपाशीच्या कोरड्या काड्या, घरपोच, निम्म्या भावात. ऑफर आज रात्रीपर्यंतच.' जीवरामभाऊंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी ती जाहिरात आधी प्रेमराजभाऊंना धाडली, खाली लिहिलं, 'आपली सोय अशी असते.' मग पैसे भरायला चष्मा शोधू लागले. चष्मा बायकोच्या, सुगंधाबाईंच्या, हाती लागला आणि चष्म्यामागोमाग मोबाईलही.

"फोटोत मागं नारळी दिसतात," बाई म्हणाल्या. "आणि पत्ता नशिराबादचा. तिथं नारळीची बाग कधी लागली हो?"

"तुले सगळीकडं खोटच दिसते."

"पैसे कोणाच्या नावावर चालले ते तरी पाहा. स्वीटी मोबाईल रिचार्ज! स्वीटीच्या घरी कपाशी पिकते का?"

आता खरं सांगायचं तर सुगंधाबाईंनी आजवर भावकीतल्या निम्म्या सोयरिकींची चौकशी केली होती. एका स्थळाला तर त्यांनी मुलाचं घड्याळ उसनं आहे यावरून परत पाठवलं होतं. त्यांनी जाहिरातीतला नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

"दादा, गाव कोणतं तुमचं?"

"नशिराबाद, मॅडम."

"आडनाव?"

"पाटील."

"कोणत्या पाटलांपैकी?"

"मोठ्या पाटलांपैकी."

"बरं. आजोळ कोणतं?"

"काय?"

"आईचं माहेर रे बाबा!"

"मॅडम, ऑर्डर कन्फर्म करायची का? स्टॉक संपतोय."

"आधी माहेर कन्फर्म होऊ दे. नाही तर असं करू. आमचे हे गाडी घेऊन येतात, काड्या पाहतात आणि तिथंच रोख पैसे देतात."

"गोडाऊनमध्ये बाहेरच्या माणसाला येऊ देत नाही, मॅडम."

"का? काड्या बाळंत झाल्या का?"

फोन कट झाला. पुन्हा लावला तर लागेना.

जीवरामभाऊ भिंतीकडं पाहत म्हणाले, "गेल्या काड्या."

"आल्या कधी होत्या?" बाईंनी लगेच नशिराबादच्या मावसबहिणीला, लताबाईला, फोन लावला. असं गोडाऊन गावात नव्हतंच. "पण काड्या कशाला पाहिजेत व?" लताबाईनं विचारलं. "मागच्या सालच्या माझ्या गोठ्यावर पडल्या आहेत. घेऊन जा. फक्त भरीत पाठवशील डबाभर."

रविवारी अंगणात जाळ झाला, वांगी काळी पडली, मिरच्या-लसणाचा ठेचा पडला आणि वास गल्लीच्या टोकाला गेला. प्रेमराजभाऊंचं सारं आयुष्य धुळ्यात गेलेलं, बोलण्यात अहिराणी मुरलेली. पहिला घास घेऊन ते खूश झाले. "बठ्ठं झकास शे! तुमन्या काड्या येळवर वन्यात. मन्या अजून नई वन्यात."

जीवरामभाऊंचा घास हातातच राहिला. "तुमच्या आल्या नाहीत? तुम्ही कुठून मागवल्या?"

"ती सोयनी जाहिरात तुम्हीच धाडी व्हती ना? साखरपुडासाठे मी बी मांगाडी ठेवी. पैसा भरी दिनात."

सुगंधाबाईंनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात पुढच्या दहा वर्षांची बोलणी जमा होती. मग त्या पाहुण्यांकडं वळल्या. "भाऊ, त्याले आजोळ नाही विचारलं?"

"व्याहीनी धाडेल शे, मंग काय इचारानं?"

भूमिका ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांची परात घेऊन दारातच थबकली. जीवरामभाऊंना वाटलं, पोरीचं लग्न आपल्या एका बोटानं मोडलं.

"आधी हात धुवा," सुगंधाबाई म्हणाल्या. "१९३० ला, त्या सायबर फसवणुकीच्या नंबरला, फोन लावा आणि बँकेला कळवा. भरीत गार झालं तरी चालेल, तक्रार गार नको व्हायला."

फोन झाले, तक्रार नोंदली गेली. भरीत खरंच गार झालं. पुन्हा पाटावर बसताना प्रेमराजभाऊ मात्र हसत होते.

"जीवरामभाऊ, मना पोऱ्यानं लगीन याच घरमा. पन बोलनी बठ्ठी विहीनबाई करतीन. आपुन दोन्हीस्नी नुसतं जेवानं."

जीवरामभाऊंनी मान इतक्या जोरात हलवली की टोपी ताटात पडता पडता राहिली.

सुगंधाबाईंनी पाहुण्यांच्या ताटात भरताचा दुसरा गोळा वाढला आणि पदर खोचून समोर बसल्या.

"बोलणी माझ्याकडेच ना? मग सांगा भाऊ, तुमचं आजोळ कोणतं?"