हेमचंद्ररावांचा राजीनामा

वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष कोण, हे विचारायची वेळ कोणावर येत नसे. आसावरी तिसरीत होती तेव्हापासून तिचे बाबा हेमचंद्रराव अध्यक्ष होते. आता ती न्यू जर्सीच्या सिनेटमध्ये सिनेटर म्हणून निवडून आली, तरी बाबा आपले अध्यक्षच.

निवडणूक होत नव्हती असं मुळीच नाही. दरवर्षी शाळेच्या कॅफेटेरियात वार्षिक सभा भरायची. हेमचंद्रराव माइक हातात घेऊन म्हणायचे की यंदा मात्र मला मोकळं करा, आता तरुणांनी पुढे यावं. एवढं म्हणून ते चष्मा काढायचे आणि पुसत बसायचे. चष्मा स्वच्छ व्हायच्या आत पहिल्या रांगेतून खजिनदार प्रसाद ‘नाही नाही, असं कसं’ म्हणायचा, मागून तीन-चार बायका त्याला दुजोरा द्यायच्या, आणि बटाटेवडे गार होत चाललेले असल्यामुळे उरलेला हॉलही घाईघाईने नाही नाही करायचा. मग हेमचंद्रराव नाइलाजाने चष्मा लावायचे. हा नाइलाज त्यांना वर्षभर पुरायचा. लहानपणी तर सगळ्यांच्या आधी आसावरीच ‘नाही बाबा’ म्हणून ओरडायची, कारण अध्यक्ष ठरल्याशिवाय वडे मिळत नसत.

त्यांना हसण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. नोकरीत त्यांनी उभं आयुष्य पुलांची गणितं केली आणि प्रत्येक उद्घाटनाच्या फोटोत ते कडेला अर्धे कापले गेले. साहेबांना त्यांचं नाव शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, ते त्यांना ‘हेम’ म्हणत. मंडळाच्या फोटोत मात्र हेमचंद्रराव मधोमध असायचे, खांद्यावर शाल, नाव पूर्ण. माणसाला एक तरी मधली खुर्ची लागते, आणि त्यांची ती होती.

आसावरीचं विधेयक असं होतं की शाळा मंडळावर, म्हणजे स्कूल बोर्डावर, कोणालाही सलग तीनपेक्षा जास्त मुदती बसता येणार नाही. मुलांनी काय शिकावं हे ठरवणारी माणसं स्वतः शाळा विसरून गेलीत, आणि जागा रिकामीच होत नाही म्हणून नव्या आईबापांना तिथे शिरता येत नाही, असं ती प्रत्येक चर्चेत पोटतिडकीने मांडायची. दोन वर्षं ती त्याच्यामागे धावत होती. आता गाडी शिक्षण समितीपर्यंत आली होती, आणि तिथे सगळं एका मतावर अडलं होतं. ते मत समितीच्या अध्यक्षबाईंचं. त्या इतक्या मितभाषी होत्या की त्यांच्या मनात काय आहे याचा पत्ता त्यांच्या नवऱ्यालाही नसावा.

सुनावणीत सामान्य नागरिकांनाही तीन मिनिटं बोलता येतं. हेमचंद्ररावांनी नाव दिलं. आसावरीला घाम फुटला. तिने बाबांना परोपरीने विनवलं, की तुम्ही आजोबा म्हणून बोला, नातवंडांच्या शाळेबद्दल बोला, मंडळाचं नाव काढू नका. बाबा हो म्हणाले. त्यांची पत्नी उत्तराबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, “तू कशाला घसा कोरडा करतेस? ते माइक बघेपर्यंत आजोबा असतात.”

राजधानी ट्रेंटनच्या स्टेट हाउसमधला, म्हणजे विधानभवनातला, माइक चांगला लांब मानेचा होता. हेमचंद्ररावांनी तो पाहिला आणि झालं. प्रेसिडेंट, मराठी मंडळ, अशी त्यांनी ओळख करून दिली. मग समितीच्या सन्माननीय अध्यक्षबाई, सन्माननीय सदस्य, उपस्थित पालक, पत्रकार आणि दाराशी उभा असलेला सार्जंट यांना एकेक करून अभिवादन झालं. तीन मिनिटांतली निम्मी तिथेच संपली. उरलेल्या वेळात त्यांनी खुर्चीला चिकटून बसणाऱ्यांवर असे काही ताशेरे ओढले, की मागे बसलेल्या प्रसादला टाळी वाजवायचा मोह झाला.

विधेयकाला विरोध करणारे सिनेटर व्हिटलॉक हे गोड बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी हसत विचारलं, “सर, तुम्ही स्वतः किती वर्षं प्रेसिडेंट आहात?”

“माझी मुलगी तिसरीत होती तेव्हापासून,” हेमचंद्रराव अभिमानाने म्हणाले. आणि कोणाला शंका राहू नये म्हणून त्यांनी व्यासपीठावर बसलेल्या मुलीकडे बोटही दाखवलं.

सगळे खो खो हसले. व्हिटलॉक म्हणाले की म्हणजे चांगल्या माणसाला तीन मुदती पुरत नाहीत, हेच तर मी इतके दिवस सांगतोय. अध्यक्षबाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी खोडलं. आसावरी मान खाली घालून बसली. हेमचंद्ररावांनी ती मान पाहिली आणि काय झालं ते त्यांना उमगलं. पोरीच्या दोन वर्षांच्या कष्टांवर आपण तीन मिनिटांत पाणी ओतलं होतं, आणि वर त्यासाठी नवा कोट घालून आलो होतो.

अशा वेळी माणसाच्या तोंडून सवयीचंच बाहेर येतं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, “माझी खुर्ची या विधेयकाच्या आड येत असेल, तर मी या क्षणी राजीनामा देतो.” खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं मनापासून होतं. उरलेलं निम्मं वार्षिक सभेचं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि ते तो पुसू लागले.

प्रसाद इमानी माणूस. तो ताबडतोब उठला आणि मराठीत म्हणाला, “नाही नाही, हेमचंद्रराव, असं कसं?” सार्जंटने ओठांवर बोट ठेवून त्याच्याकडे असं काही पाहिलं, की बिचारा निमूट खाली बसला. प्रेक्षकांनी बोलायचं नाही, हा तिथला नियम. बाकीचा हॉल गप्पच होता. अध्यक्षबाई हेमचंद्ररावांकडे पाहून म्हणाल्या, “तुमच्या सेवेबद्दल आभार, सर.”

हेमचंद्रराव चष्मा पुसतच राहिले. अमेरिकेत इतकी वर्षं काढली, इथे पहिलाच नकार माणसं खरा मानतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. कोणाच्या घरी एकदा नको म्हटलं की खाण्याची बशी परत जाते, हे त्यांनी उपाशीपोटी शिकून घेतलं होतं. पण हा नियम अध्यक्षपदालाही लागू असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आता एकच आशा उरली होती. त्यांनी आसावरीकडे पाहिलं.

आसावरी माइककडे झुकली. “मॅडम चेअर, या साक्षीदारांचा राजीनामा नोंदीवर घ्यावा अशी माझी विनंती आहे,” ती म्हणाली.

मतदान झालं. अध्यक्षबाईंनी विधेयकाच्या बाजूने मत दिलं. आपण होऊन खुर्ची सोडणारा माणूस या इमारतीत मी प्रथमच पाहिला, असं त्या म्हणाल्या, आणि हरलेले व्हिटलॉकसुद्धा हसले.

परतताना गाडीत मागे बसलेला प्रसाद समजूत घालत होता. हे काही मंडळाच्या घटनेत बसत नाही, वार्षिक सभेत आपण सगळं नीट करून घेऊ, यू डोंट वरी. आसावरी ड्राइव्ह करत होती. प्रसादला त्याच्या दाराशी सोडल्यावर बाबांनी विचारलं, “मी मनापासून म्हणत नव्हतो, हे तुला कळलं होतं ना?”

“कळलं होतं, बाबा.”

“मग ‘नाही बाबा’ का म्हणाली नाहीस?”

“लहानपणापासून मीच म्हणत आले. एकदा तरी कोणीतरी तुमचं खरं मानायला हवं होतं.”

 घरी गेल्यावर उत्तराबाईंनी जेवता का विचारलं, तर बाबा आधी नको न म्हणता लगेच हो म्हणाले.

पुढच्या महिन्यात विधेयक सिनेटमध्ये आलं. हेमचंद्ररावांनी घरी लॅपटॉपवर चर्चा ऐकली. आसावरी छान बोलली, आणि शेवटी तिने सांगितलं की जागा सोडायला कायदा लागू नये, पण लागतो, कारण माझ्या बाबांसारखी माणसं थोडी असतात. बाबांना भरून आलं, आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं. विधेयक सिनेटमध्ये पास झालं. आता ते असेंब्लीत, म्हणजे दुसऱ्या सभागृहात, जायचं होतं, आणि वार्षिक सभा त्याच्या आधी होती. सभेत ते पुन्हा अध्यक्ष झाले असते, तर व्हिटलॉकना आयतं कोलीत मिळालं असतं आणि लेक सगळ्या राज्यासमोर खोटी पडली असती.

कॅफेटेरिया गच्च भरला होता. वड्यांचा वास सुटला होता. हेमचंद्ररावांनी माइक घेतला आणि म्हणाले की यंदा मला खरोखर मोकळं करा. प्रसाद तयारच होता. “नाही नाही!” मागच्या बायकाही म्हणाल्या, नाही नाही. हेमचंद्रराव कळवळून म्हणाले, अहो, खरंच सांगतोय. हॉलला त्यांचा हा अभिनय नेहमीपेक्षाही आवडला आणि आग्रहाचा आवाज दुप्पट झाला. इतकी वर्षं खोटं बोलण्यासाठी वापरलेले शब्द आज खऱ्याच्या कामाला येईनात. आसावरी मागे भिंतीशी उभी होती, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता.

मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा नाकावर घट्ट बसवला आणि इंग्रजीत म्हणाले, “आय रिझाइन. थँक यू.”

हॉल एकदम शांत झाला. मंडळाच्या माइकवर हेमचंद्ररावांनी आजवर इंग्रजीचा शब्द उच्चारला नव्हता, इतरांनाही उच्चारू दिला नव्हता. हा माणूस खरं बोलतोय हे सगळ्यांना कळलं. प्रसादने डोळे टिपले. ते मंचावरून उतरले आणि येऊन आसावरीजवळच्या खुर्चीत बसले. मंचावरच्या मधल्या खुर्चीसारखी तीही प्लास्टिकचीच होती. आसावरीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांना कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

सलोनी नावाच्या चटपटीत बाईचं नाव पुढे आलं. तिने एका वाक्यात होकार दिला, माइक हातात घेतला आणि सांगून टाकलं की मी फक्त एक वर्ष करीन, त्याहून एक दिवस जास्त नाही.

“नाही नाही, असं कसं?” हॉलमधून पहिला आवाज आला, आणि तो हेमचंद्ररावांचा होता.