वीस अंश

माझ्या उजव्या हाताची तर्जनी वीस अंशांपुढे वाकत नाही. शाळेतल्या कोनमापकाने मी दर महिन्याला मोजते. दोन वर्षांत एका अंशाचाही फरक नाही.

माडावर चढलेला माणूस नारळ खाली टाकण्यापूर्वी हाळी देतो. माड उतरवणाऱ्या हरीकाकांनी त्या दिवशी दिली नव्हती, आणि नारळ माझ्या हातावर पडला. आदल्याच दिवशी माझ्या भावाने, सुशांतने, त्यांची वाट काट्या घालून अडवली होती. पोलिसांनी अपघात लिहून घेतला. मग सुशांतने देवळात गाऱ्हाणे घालायचे, देवाकडेच शिक्षा मागायचे ठरवले. दोनदा मीच ते पुढे ढकलले. आज ढकलता आले नाही.

अर्धा गाव जमला होता. गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालणारे भाई घाडी देवासमोर उभे राहिले.

"जेणा ह्या चेडवाचो हात मोडल्यान, तेचो हात तसोच मोडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सभामंडप घुमला.

आमच्याकडे, जिचे नुकसान झाले तिने 'व्हय' म्हटल्याशिवाय गाऱ्हाणे लागत नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"तोंड उघड गो," सुशांत कुजबुजला. "वर्गात दिवसभर बडबडतंस, नि हंयच जीभ टाळ्याक चिकटली?"

हरीकाका खांबाला धरून उभे होते. सकाळी त्यांच्या बायकोने, सुगंधाकाकीने, मला विहिरीवर गाठले होते. "गाऱ्हाण्याचा ऐकल्यापासून अर्ध्या माडावरसून उतरतत गो. हातात बळच रवणा नाय."

देव हात मोडतो यावर माझा विश्वास नाही. हरीकाकांचा आहे, आणि तेवढे पुरेसे आहे. माझ्या एका शब्दानंतर खांब धरलेला हा हात माडावर चाळीस फुटांवर सुटेल. तिथून पडणाऱ्याला वीस अंशांपुरतेच मोजून लागत नाही.

तरी मला ते हवे होते. दोन वर्षे डाव्या हाताने फळ्यावर लिहिताना रोज हवे होते.

"हरीकाका," मी विचारले, "त्या दिवशी हाळी दिलास?"

"नाय." त्यांनी मान वर केली नाही. "तू खाली दिसलंस माका. तरी हाळी देवक नाय."

कुणीतरी शिवी हासडली. सुशांत पुढे धावला. भाईंनी हात आडवा घालून त्याला थांबवले आणि माझ्याकडे बघत पुन्हा म्हटले, "तेचो हात तसोच मोडांदे रे म्हाराजा!"

या वेळी कुणीच ओ दिली नाही. सगळे माझ्यासाठी थांबले होते.

"नाय म्हाराजा," मी म्हटले.