काड्या वाढल्या, तोंड मिटलं

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी लेकीनं पाणी नाही मागितलं, आईचा हात नाही मागितला. तिनं आरसा मागितला.

"चेहरा सुजलाय गं. नको बघूस आत्ता," आई म्हणाली.

"चेहरा नको. आत बघायचंय."

आत म्हणजे तोंडात. वीस वर्षांच्या त्या पोरीनं स्वतःची जीभ कधी धड पाहिली नव्हती. लहानपणी झोक्यावरून ती हनुवटीवर आपटली. हनुवटीची जखम बघता बघता भरली, पण कानापुढे जिथे जबडा कवटीला टेकून हलतो, तिथला सांधा आतून मोडला होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मोडलेलं हाड भरता भरता शेजारच्या हाडाला बिलगून बसलं आणि तोंड मिटत मिटत नखभर फटीवर आलं. त्या फटीतून ती गाळलेलं खायची, बोलायची आणि वेळ पडली तर भांडायचीही. घरात तिचं नाव पडलं होतं डबी.

बाप सुतार. दारं-खिडक्या बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. लेक त्याच्याच कारखान्यात पॉलिश करायची. आईच्या जिभेवर ओव्या बसलेल्या. हसू आलं तरी ओवी, रडू आलं तरी ओवी. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच ती गुणगुणली होती:

*माझ्या सुताराची दारं, उघडती गं भराभर*
*लेकीच्या गं जबड्याचं, अडे एक बिजागर*

डॉक्टरीणबाईंनी आरसा धरला, वर छोटी बॅटरी धरली. डबीनं तोंड उघडलं. दुखलं, म्हणून डोळे बारीक झाले, पण मिटले नाहीत.

"ते मागे लोंबतंय ते काय?"

"पडजीभ. सगळ्यांना असते."

"माझीच एवढी वेडीवाकडी आहे की सगळ्यांची अशीच?"

डॉक्टरीणबाई हसल्या. असा पेशंट त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. नाकातून भुलीची नळी घालताना, ग्लानीतही, 'माझा घसा कसा दिसतो हो?' असं तिनं विचारलं होतं. आताही तिला सगळं हवं होतं: कुठे कापलं, काय काढलं, तिथे काय भरलं.

"कानापुढे चीर दिली. चिकटलेलं हाड कापून काढलं. मधल्या मोकळ्या जागेत कानशिलाचा थोडा स्नायू वळवून अंथरला, म्हणजे दोन्ही हाडं पुन्हा गळ्यात गळे घालणार नाहीत."

"मग आता संपलं?"

"आता सुरू झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि चपट्या लाकडी काड्यांचा जुडगा सुताराच्या हातात दिला. "दातांमध्ये या काड्यांची चळत घालून ठेवायची, दिवसातून पुन्हा पुन्हा. दर थोड्या दिवसांनी एक काडी वाढवायची. दुखेल, रडेल, तरी सोडायचं नाही. आळस केलात तर तोंड परत मिटेल, आणि मग मला पुन्हा कापावं लागेल. दुसऱ्यांदा कापलं की एवढं उघडेलच, असं मी सांगू शकत नाही."

सुतारानं जुडगा छातीशी धरला.

घरी आल्यावर चळत रचायचं काम त्यानंच अंगावर घेतलं. लाकडाचं काम म्हटल्यावर त्याला कोण अडवणार! सकाळी तो कारखान्यातून काड्या पुसून-बांधून आणायचा. डबी चळत दातांत धरून खिडकीशी बसायची. डोळ्यांतून धारा, हातात पॉलिशचा बोळा. आई शेजारी बसून तिला हसवायला बघायची, पण हसलं की आणखी दुखायचं, म्हणून डबी तिला चिमटे काढायची.

काड्या वाढत गेल्या. दुखणं कमी झालं. शेजारपाजारी कौतुक झालं, आई तर चळत सगळ्यांना दाखवत सुटली.

पंधरा दिवसांनी, तपासणीच्या दिवशी, डॉक्टरीणबाईंनी वरच्या आणि खालच्या दातांमध्ये मोजपट्टी धरली. पुन्हा धरली. कपाळाला आठी.

"किती काड्या घालता?"

आईनं अभिमानानं आकडा सांगितला.

"शक्यच नाही. घरी सोडलं तेव्हापेक्षा तोंड कमी उघडतंय. काड्या वाढल्या आणि तोंड मिटलं, हे गणित मला येत नाही."

"तुमची पट्टी बघा एकदा," आई फणकारली.

सुतार भिंतीवरचा दातांचा तक्ता बघत राहिला.

डबीला मात्र त्या कोड्यानं धरलं ते सोडलंच नाही. घरी येताना रस्ताभर तिचा विचार चालू. हाड परत वाढलं असेल? मग काड्या मावल्या कशा? दात झिजले? दात असे पंधरा दिवसांत झिजतात होय! चळत फुगत असेल थुंकीनं? फुगली तर तोंड उलट जास्त उघडायला हवं.

दुसऱ्या सकाळी चळत तोंडात घालण्याआधी तिनं एकच काडी घेतली आणि जिभेच्या टोकानं तिची कड चाचपली. मग बोटानं. मग पुन्हा जिभेनं. दवाखान्यातली काडी खरबरीत असायची, ओठाला टोचायची. ही रेशमासारखी होती, आणि पातळही. हे रेशीम तिच्या ओळखीचं होतं. खुर्चीच्या हातावर शेवटचा बारीक पॉलिशपेपर फिरवला की नेमकं हेच हाताला लागतं.

ती उठली आणि थेट कारखान्यात गेली. बाप पाठमोरा बसला होता. गुडघ्यावर पॉलिशपेपर पसरलेला, आणि त्यावर एक काडी पुढे-मागे, पुढे-मागे, देवाची मूर्ती घासावी तशी हळुवार. मांडीवर पिठासारखा भुसा.

"बाबा."

त्यानं काडी मुठीत लपवली. एवढा मोठा माणूस!

"कधीपासून?"

"तू पहिल्या दिवशी रडलीस ना, तेव्हापासून," तो म्हणाला. "आधी म्हटलं, एकच घासू. मग म्हटलं, आज एवढीच. तुझं रडणं थांबलं गं. मला वाटलं, बरं होतंय. चळत वाढतेय म्हणजे..." त्यानं मूठ उघडून काडीकडे पाहिलं. "लाकूड माझं ऐकतं. मला वाटलं, हाडही ऐकेल."

"फसवलंत कुणाला? मला की मोजपट्टीला?"

"मलाच," तो म्हणाला.

तेवढ्यात आई शोधत आली. भुसा बघून तिला सगळं समजलं. "अहो, लेकीचं तोंड म्हणजे काय टीपॉय आहे, घासून गुळगुळीत करायला?" ती म्हणाली, आणि एरवी ओवीत बोलणारी ती पदर तोंडाला लावून उभी राहिली.

डबीनं फळीवरचा कोरा जुडगा काढला. न घासलेल्या काड्यांची चळत मोजून रचली, दातांत घातली. पूर्वीइतक्या मावल्याच नाहीत. तिनं दोन काढल्या, उरलेल्या घट्ट बसवल्या, आणि मग त्या दोनांतली एक बापाच्या हातात ठेवून चळतीच्या मध्यावर बोट दाखवलं.

"मी?" सुतारानं काडी परत तिच्यापुढे केली. "माझ्यानं नाही होणार."

तिनं पुन्हा बोट दाखवलं.

त्यानं काडीचं टोक दोन काड्यांमध्ये टेकवलं, पाचर ठोकताना टेकवतो तसं, आणि अंगठ्यानं दाबलं. कानापुढे काहीतरी ताणलं गेलं आणि डबीच्या तोंडातून आवाज फुटला. एवढी वर्षं दातांआड चेंगरून बाहेर पडणारा तो आवाज नव्हता. मोठा, उघडा, पोटातून आलेला. समोरच्या दुकानातला शिंपी कात्री घेऊनच धावत आला.

"काय झालं? कुणाचं बोट कापलं?"

"कुणाचं नाही," आई रडता रडता म्हणाली. "आमची डबी ओरडली."

सुतारानं घाबरून हात मागे घेतला होता. डबीनं गालावरचं पाणी मनगटानं पुसलं आणि उरलेली काडी उचलून त्याच्यापुढे धरली.